कामाचं समाधान आणि कामगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुउद्योजक, एचआरमधली मंडळी, सुपरवायझर आणि नोकरदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. हवा तो प्रश्न सुटा वाचता येईल. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कामाचं समाधान म्हणजे पगारावर खूष असणंच ना?

नाही, पगार हा त्यातला एक भाग. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांची १९७६ मधली व्याख्या आजही चालते. माणूस आपल्या कामाचा मनाशी हिशेब मांडतो आणि त्यातून जी सुखद भावना उरते, ते समाधान. हिशेब म्हटला की अपेक्षा आली. म्हणूनच एकाच टेबलावर, एकाच पगारात बसणाऱ्या दोघांपैकी एक समाधानी असतो आणि दुसरा रोज नोकरीच्या जाहिराती चाळत असतो.

मोजताना त्याचे भाग पाडतात. १९६९ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत पाच भाग आहेत: प्रत्यक्ष काम, पगार, बढती, वरिष्ठांची देखरेख आणि सहकारी. यांपैकी एकूण समाधानाशी सर्वांत घट्ट बांधलेला भाग म्हणजे प्रत्यक्ष काम. पगाराची पातळी आणि समाधान यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून बदलतात याचं माप; ० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) २०१० च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या अभ्यासात, अवघा ०.१५ निघाला.

समाधान आणि मूड यांत गल्लत करू नका. सोमवारी सकाळी ट्रॅफिकमधून आलेला माणूस वैतागलेला असतो, तो मूड. समाधान महिनोन्‌महिने टिकतं.

२. समाधानी माणूस जास्त चांगलं काम करतो हे खरं, की नुसतं एचआरचं बोलणं?

खरं आहे, पण थोडंसं. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३१२ नमुने, म्हणजे ५४,४१७ माणसांची माहिती एकत्र केली. मोजमापातल्या चुकांची दुरुस्ती (ती का करतात ते प्रश्न ४ मध्ये) केल्यावर समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३० आला. दुरुस्ती न करता तो ०.१८ होता. दोन्ही आकडे लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये लागतील.

३. ०.३० म्हणजे ३० टक्के का?

नाही. ही चूक सादरीकरणांमध्ये इतकी होते की एकदा शांतपणे पाहून घ्यावी.

सहसंबंधाचा वर्ग केला की एका गोष्टीतल्या फरकापैकी किती भाग दुसरीशी जुळतो ते कळतं. ०.३० चा वर्ग ०.०९, म्हणजे ९ टक्के. उरलेले ९१ टक्के कौशल्य, अनुभव, यंत्र, कच्चा माल, साहेब, घरची परिस्थिती आणि नशीब यांत वाटलेले.

दुसऱ्या रीतीने बघा. समाधानात मध्यापेक्षा वर असलेली १०० माणसं घेतली, तर कामगिरीतही मध्याच्या वर त्यांपैकी किती निघतील? काहीच संबंध नसता तर ५०. सहसंबंध ०.१७ असेल तर सुमारे ५५, ०.३० ला सुमारे ६० आणि ०.५२ ला सुमारे ६७. म्हणजे खूष दिसणाऱ्या दहांतले चार जण कामगिरीत खालच्या अर्ध्यात सापडले, तर त्यात आश्चर्य नाही.

४. पूर्वी "काही संबंधच नाही" असं का शिकवायचे?

कारण आकडे खरंच लहान येत होते. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात जे प्रयोग झाले, त्यांतून "माणसाला आपुलकीने वागवा, उत्पादन वाढेल" हा समज पसरला. १९५५ मध्ये ब्रेफील्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तर फारसं काही हाती लागलं नाही. १९६४ मध्ये व्हिक्टर व्रूम यांना सहसंबंधांचा मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ०.१४ मिळाला, १९८५ च्या एकत्रित अभ्यासात ०.१७. त्या अभ्यासानंतर या विषयाला भासमान संबंध म्हणायची पद्धतच पडली.

मग २००१ मध्ये तो अचानक ०.३० कसा झाला? बऱ्याच अंशी दुरुस्तीमुळे. कामगिरी मोजायची म्हणजे बहुतेक ठिकाणी सुपरवायझरने गुण द्यायचे, आणि दोन सुपरवायझरांनी एकाच माणसाला दिलेल्या गुणांचा मेळ सरासरी ०.५२ इतकाच बसतो. फूटपट्टीच अशी सैल असेल तर खरा संबंध असतो त्याहून लहान दिसतो. ही भरपाई किती करावी यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या मते ०.३० ही वरची बाजू धरावी.

५. आधी समाधान की आधी कामगिरी?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण पैसा कुठे खर्च करायचा ते याच्या उत्तरावर ठरतं. शक्यता तीन आहेत आणि तिन्ही थोड्याफार खऱ्या आहेत.

पहिली, समाधानामुळे कामगिरी. एकाच माणसांना काही काळाने पुन्हा मोजलेले १६ अभ्यास मायकेल रिकेटा यांनी २००८ मध्ये एकत्र केले. आधीच्या कामगिरीचा फरक वजा केल्यावर समाधानाचा पुढच्या कामगिरीवरचा परिणाम जवळजवळ नगण्य उरला. म्हणजे समाधानाकडून कामगिरीकडे जाणाऱ्या या बाणात जोर कमी. अपवाद आहे तो मूडचा. ब्रिटनमधल्या बीटी या दूरसंचार कंपनीच्या कॉल सेंटरांत सुमारे १,८०० विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला "या आठवड्यात किती आनंदी होता?" असं विचारलं गेलं. हवामानामुळे आनंदात होणाऱ्या चढउतारांचा आधार घेऊन संशोधकांनी आनंदाचा विक्रीवरचा परिणाम वेगळा काढला. आनंदाच्या मापात एका अंकाची वाढ झाली की त्या आठवड्याची विक्री साधारण १२ टक्क्यांनी वाढत होती. ती मंडळी जास्त तास बसत नव्हती. आलेल्या फोनपैकी जास्त फोनांचा सौदा जमत होता. समोरच्याला पटवण्याच्या कामात आवाजातला आनंद कामी येतो. पॅकिंग टेबलावर तो इतका कामी येईल असं या अभ्यासातून म्हणता येत नाही.

दुसरी, कामगिरीमुळे समाधान. एडवर्ड लॉलर आणि लायमन पोर्टर यांनी १९६७ मध्ये हा बाण उलटा फिरवला. चांगलं काम केलं, त्याचं चीज झालं, मिळालेलं न्याय्य वाटलं, म्हणून माणूस समाधानी. यातला मधला दुवा फार महत्त्वाचा आहे. चांगलं काम आणि मोबदला यांची गाठच नसेल, तर कामगिरी कितीही चांगली असली तरी समाधान येत नाही. ३५ कंपन्यांच्या आठ वर्षांच्या माहितीवरून बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असंच काहीसं दाखवलं. कंपनी आर्थिकदृष्ट्या चांगली चालली की पुढे कर्मचारी समाधानी होतात, हा परिणाम उलट दिशेपेक्षा ठळक होता. बुडत्या कंपनीत योगाचा वर्ग भरवून फार काही होत नाही ते यामुळेच.

तिसरी, दोन्हींच्या मागे तिसरंच कारण. नेटका, आत्मविश्वास असलेला माणूस कामही बरं करतो आणि समाधानीही लवकर होतो. नेथन बोलिंग यांनी २००७ मध्ये स्वभावाचे असे गुण वजा करून पाहिले, तर मूळ संबंधाचा मोठा हिस्सा विरघळला. कामातली व्यवस्था हेही असंच तिसरं कारण असतं. माल वेळेवर आला, साचा धड असला, कुणी कारण नसताना ओरडलं नाही, की उत्पादनही वाढतं आणि माणूसही खूष होतो.

व्यवहारात याचा अर्थ असा घ्या: समाधान वाढवून कामगिरी वाढेल अशी आशा धरण्याआधी, चांगलं काम करणं सोपं कसं होईल आणि झालेलं काम दिसेल कसं, ते बघा.

६. हा संबंध कोणत्या कामात जास्त असतो?

जिथे माणसाच्या हातात काही असतं तिथे. जज यांच्या अभ्यासात गुंतागुंतीच्या कामांसाठी सहसंबंध ०.५२ होता, मध्यम आणि साध्या कामांसाठी ०.२९.

कारण उघड आहे. असेंब्ली लाइनचा वेग पट्टा ठरवतो. ४० सेकंदांचा सायकल टाइम (एका नगाला ठरलेला वेळ) असेल तर नाराज कामगारालाही ४० सेकंदांत नट बसवावाच लागतो. त्याची नाराजी नगांच्या संख्येत दिसत नाही. दिसली तर रिजेक्शनमध्ये (नाकारलेल्या मालात), दांड्यांमध्ये किंवा तिसऱ्या पाळीच्या हँडओव्हरमध्ये दिसते. डिझायनर, शिक्षक, सेल्समन, नर्स, टूलरूममधला फिटर यांना मात्र किती जीव ओतायचा हे रोज स्वतः ठरवता येतं.

आणि उत्पादन वाढवायला दरवेळी समाधानाची वाट धरावी लागते असंही नाही. तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थापनाच्या साध्या पद्धती बसवल्या: मागांच्या देखभालीचं वेळापत्रक, दोषांची रोजची नोंद, सुताचा साठा नीट लावणं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कुणाच्या समाधानाचं काही ठरवलेलं नव्हतं.

७. पगार वाढवला तर दोन्ही वाढतील ना?

समाधान वाढेल. कामगिरीचं मात्र पगार कसा वाढवला यावर आहे.

इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार जवळपास दुप्पट करण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की शिक्षक उत्पन्नावर जास्त समाधानी होते, पैशाचा ताण कमी झाला, दुसरी नोकरी करणारे घटले. मुलांच्या शिकण्यात मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक पडला नाही. वाढ सर्वांना सारखी होती, कुणी कसं शिकवलं याच्याशी तिचा संबंध नव्हता. प्रश्न ५ मधला तुटलेला दुवा तो हाच.

ओडिशातला एक प्रयोग उलट बाजूने बोलतो. एकच वस्तू बनवणाऱ्या छोट्या गटांत कामगारांना रोजंदारीवर घेतलं. काही गटांत सर्वांना सारखी मजुरी, काहींत कमीजास्त. सारख्या मजुरीच्या गटातल्याइतकीच मजुरी घेणारा, पण शेजाऱ्याला जास्त मिळते हे माहीत असलेला कामगार कमी काम करू लागला आणि त्याची हजेरी १८ टक्के बिंदूंनी घसरली. ज्यांना मजुरी बुडवणं परवडत नाही अशी ही माणसं. पण जिथे शेजारी खरोखर जास्त माल काढतो हे डोळ्यांना दिसत होतं, तिथे हा परिणाम आढळला नाही. इन्क्रिमेंटमध्ये फरक करायला हरकत नाही, पण तो कशासाठी केला ते बाकीच्यांना दिसलं पाहिजे. "पगार कुणाला सांगू नका" ही ताकीद इथे उपयोगाची नाही. पगार कळतातच, कळत नाही ते कारण.

पैसे कधी देता यालाही महत्त्व आहे. ओडिशातच पत्रावळी बनवणाऱ्या कामगारांना कमावलेल्या मजुरीचा काही भाग काही दिवस आधी रोख दिला, एकूण रक्कम तीच ठेवून. त्यांनी उधाऱ्या फेडल्या, घरचा बाजार केला. उत्पादन सुमारे ७ टक्के वाढलं आणि कामातल्या चुकाही कमी झाल्या. डोक्यात देणेकरी असला की हात चुकतो. पगार दर महिन्याला पाच-सात दिवस उशिरा करणाऱ्या मालकांनी हा हिशेब जरूर मांडावा.

८. आमच्याकडे सर्वांत खूष माणूसच सर्वांत कमी काम करतो. मग?

असं होतं, आणि तीन ठिकाणी हमखास. एक, काम कमी आणि विचारणारं कुणी नाही, म्हणून खूष. दोन, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला, अपेक्षा कमी केलेला माणूस. तीन, आपापसांत घट्ट दोस्ती असलेला गट, ज्याने "दिवसाला इतकंच" असा अलिखित आकडा ठरवून टाकला आहे.

हा तिसरा प्रकार हॉथॉर्नमध्येच (प्रश्न ४) नोंदला गेला. वायरिंगच्या खोलीत १४ पुरुष होते. गटात थट्टामस्करी भरपूर, पण ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. जास्त काम होतंय हे दिसलं की मालक दर कापेल किंवा टार्गेट वाढवेल, ही भीती. आजही टार्गेट पूर्ण केलं की लगेच टार्गेट वाढवणाऱ्या कंपन्यांत हेच घडतं. गटाला दोष देण्याआधी गेल्या दोन वर्षांत टार्गेट किती वेळा आणि का बदललं ते काढून बघा.

९. उलटं आहे. आमचा सर्वांत चांगला माणूस नाराज असतो, पण काम उत्तम करतो. काळजी करावी का?

हो, आणि याचीच जास्त. नोकरी सोडण्याचा अंदाज बांधायलाही समाधान उपयोगी पडतं, कारण सोडायचं की नाही हे माणसाच्या हातात असतं. चांगल्या माणसाला बाहेर मागणी असते. त्याची नाराजी कामात न दिसता थेट राजीनाम्यात दिसते.

नाराजी आधी कुठे दिसते? नेमून दिलेल्या कामापलीकडच्या कामात. नव्या पोराला शिकवणं, दुसऱ्याची पाळी सांभाळणं, न सांगता बिघाड कळवणं. अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९७७ पासून हाच मुद्दा मांडला: समाधानाचा परिणाम नगांच्या संख्येत शोधू नका, या जास्तीच्या कामात शोधा. तुमच्या माणसाने हे बंद केलं असेल, तर नोटीस पिरियडची तारीख फार लांब नाही.

विचारताना "काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारू नका, उत्तर "काही नाही साहेब" असंच येतं. "गेल्या महिन्यात कोणत्या कामात वेळ फुकट गेला?" असं विचारा.

१०. समाधान मोजायचं कसं? कंपनीत ६० माणसं आहेत, बाहेरची एजन्सी परवडत नाही.

एजन्सी लागत नाही. दहा-बारा प्रश्न आणि थोडी शिस्त पुरते.

पहिला प्रश्न एकूण समाधानाचा ठेवा: "सगळं धरून, तुम्ही या कामावर किती समाधानी आहात?" असा एकच प्रश्नसुद्धा बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरतो, हे १९९७ पासून दाखवलं गेलं आहे. त्यानंतर प्रश्न १ मधल्या पाच भागांसाठी प्रत्येकी दोन विधानं. "चांगलं काम केलं तर त्याचं चीज होतं." "कामाला लागणारी हत्यारं आणि माहिती वेळेवर मिळते." "माझे वरिष्ठ सर्वांना सारखा न्याय देतात." उत्तरासाठी पाच पायऱ्या: अजिबात पटत नाही ते पूर्ण पटतं. शेवटी एक मोकळी ओळ: "एक गोष्ट बदलायची तर कोणती?" खरा माल याच ओळीत सापडतो.

विधान मराठीतच विचार करून लिहा. इंग्रजी फॉर्म भाषांतरित केला की "मला माझ्या भूमिकेत सक्षम वाटते" असलं काहीतरी निघतं आणि लाइनवरचा माणूस मधलं घर भरून मोकळा होतो. एका विधानात दोन गोष्टी नकोत: "पगार आणि कँटीन चांगलं आहे" याला कुणी काय उत्तर द्यावं? नकारार्थी विधानं टाळा. "मला इथे राहावंसं वाटत नाही" यावर "पटत नाही" म्हणजे काय, यात पुष्कळ लोक चुकतात.

निनावी म्हणजे खरंच निनावी. कंपनीच्या लॉगिनवरून किंवा ओटीपी मागणाऱ्या लिंकवरून घेतलेला सर्व्हे कुणी निनावी मानत नाही. कागद आणि कुलूपबंद पेटी अजूनही उत्तम. विभाग विचारा, पण वय, लिंग, सेवेची वर्षं असं सगळं विचारलं की ६० माणसांत कोण कोण ते लगेच कळतं. पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या विभागाचा आकडा वेगळा काढू नका. फॉर्म सुपरवायझरने वाटू नयेत, गोळा तर मुळीच करू नयेत.

वेळ सांभाळा. इन्क्रिमेंटची पत्रं, दिवाळीचा बोनस, मोठं ऑडिट यांच्या आसपासचे तीन-चार आठवडे सोडा, नाहीतर मोजमाप बोनसचं होईल. वर्षातून दोनदा, दरवर्षी त्याच महिन्यांत. ६० पैकी निदान ४०-४५ उत्तरं यायला हवीत. त्याहून कमी आली, तर न भरणाऱ्यांनी उत्तर दिलेलंच आहे.

आणि हे आकडे कामगिरीशी जोडून पाहिलेत, तर अपेक्षा ०.१८ च्या आसपासची ठेवा, ०.३० ची नको. तुमच्याकडे दुरुस्ती न केलेलीच संख्या असणार.

११. आम्ही जोडून पाहिलं, पण काहीच संबंध निघाला नाही. कुठे चुकलं?

बहुधा माणसं कमी पडली. १५ जणांच्या माहितीत सहसंबंध ०.५१ च्या वर गेला तरच तो योगायोग नाही असं नेहमीच्या कसोटीवर म्हणता येतं. ३० जणांत ही मर्यादा ०.३६, १०० जणांत ०.२०. म्हणजे ३० माणसांच्या कंपनीत खरा संबंध असूनही तो दिसणार नाही, आणि दिसलाच तर फुगलेला दिसेल. निनावी उत्तरं एकेका माणसाच्या कामगिरीशी जोडताही येत नाहीत. ती विभागाच्या पातळीवर जोडा आणि एका वर्षाऐवजी तीन-चार फेऱ्यांची दिशा बघा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे कामगिरीचा आकडा. बेल कर्व्हमध्ये (थोडे उत्तम, थोडे वाईट, बाकी मधले अशा आधीच ठरवलेल्या वाटणीत) दाबून बसवलेले अप्रेझलचे गुण, किंवा ज्या साहेबाबद्दल नाराजी आहे त्यानेच दिलेले गुण वापरले, तर काय मोजलं तेच कळत नाही. रिजेक्शन, पुन्हा करावं लागलेलं काम, उशिरा गेलेल्या ऑर्डरी, विनापरवाना दांड्या, सहा महिन्यांतले राजीनामे असे आकडे घ्या. मशीन बंद असलेले तास आधी वजा करा.

विभागाच्या पातळीवरचा सहसंबंध मोठा आला तर तो एकेका माणसाला लावू नका. "ज्या शाखा समाधानी, त्या नफ्यात" यावरून "समाधानी माणूस जास्त नफा देतो" असं निघत नाही. शाखेची जागाच चांगली असू शकते.

१२. सर्व्हे घ्यायचा आणि काही करायचं नाही, हे सर्व्हे न घेण्यापेक्षा वाईट का?

नुसतं विचारण्याचाही फायदा होतो, निदान एकदा. २०१६ मध्ये कर्नाटकातल्या एका मोठ्या कापड-शिलाई कंपनीत किमान वेतनाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी आली. कामगार नाराज होते. चिठ्ठी टाकून निवडलेल्या कामगारांना निनावी प्रश्नावलीतून नोकरी, सुपरवायझर आणि पगाराबद्दल मत मांडू दिलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्यात नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी राहिलं. आपलं कुणी ऐकून घेतलं, एवढ्यानेच.

पण हे भांडवल पुन्हा पुन्हा वापरता येत नाही, असं आमचं मत आहे. निकाल तीन आठवड्यांत फळ्यावर लावा, वाईट आकड्यांसकट. एक गोष्ट महिन्याभरात दुरुस्त करा, लहान असली तरी चालेल. जे जमणार नाही ते "जमणार नाही, कारण हे" असं लिहा.

१३. सरकारी कार्यालयात नोकरी पक्की, पगार चांगला. तरी समाधान आणि काम यांचा मेळ का दिसत नाही?

प्रश्न ५ मधला दुवा इथे सर्वांत कच्चा असतो. वेतनश्रेणी, वार्षिक वाढ आणि बढती बहुतांशी सेवाज्येष्ठतेवर. गोपनीय अहवालात जवळजवळ सर्वांनाच चांगला शेरा. मन लावून काम करणाऱ्या कारकुनाला बक्षीस म्हणून मिळतं ते शेजारच्या टेबलाचंही काम. तेव्हा समाधानाची मुळं इतरत्र जातात: बदली कुठे झाली, घर जवळ आहे का, साहेब कसा आहे. वेगवेगळ्या देशांची तुलना करणाऱ्या २००९ च्या एकत्रित अभ्यासातही, जिथे अधिकाराची उतरंड तीव्र आहे तिथे समाधान आणि कामगिरीचा संबंध कमकुवत आढळला.

कार्यालयप्रमुखाच्या हातात पगार नसतो, पण कामाची वाटणी असते. काम न करणाऱ्याच्या फायली करणाऱ्याकडे सरकवणं थांबवलं, तरी पुष्कळ होतं.

१४. कंत्राटी कामगारांनाही सर्व्हेत घ्यावं का?

घ्या, पण त्यांचा आकडा वेगळा मांडा. एकाच मशीनवर, एकाच कामासाठी कायम कामगाराच्या निम्मा पगार घेणाऱ्याची तुलना शेजाऱ्याशीच होणार (प्रश्न ७). सरासरीत मिसळलं की दोन्ही बाजूंचं खरं चित्र पुसतं. हजेरीपत्रक कंत्राटदाराकडे असतं, म्हणून दांड्या आणि गळतीचे आकडे त्याच्याकडून लेखी मागवा.

१५. घरून काम दिलं की समाधान आणि काम दोन्ही वाढतं का?

काही कामांत. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत कॉल सेंटरमधल्या इच्छुकांना चिठ्ठी टाकून नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. कामगिरी १३ टक्के वाढली, सोडून जाणं निम्म्यावर आलं, समाधानही वाढलं. पण त्यांचं काम फोन मोजून तपासता येणारं होतं. आणि प्रयोग संपल्यावर निवड करू दिली, तेव्हा बऱ्याच जणांनी ऑफिसच पत्करलं. कारण एकटेपणा.

१६. काही माणसं कुठेही ठेवा, कुरकुरतातच. हा स्वभाव ना?

काही अंशी. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या १९८९ मधल्या अभ्यासात समाधानातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. नमुना ३४ जोड्यांचा, त्यामुळे आकडा ढोबळच धरा. तरी उरलेला ७० टक्के भाग मोठा आहे. आणि कुरकुरणारा चुकीचंच बोलतो असं नाही.

असमाधानाचा उपयोगही होतो. २००१ च्या एका अभ्यासात जिंग झोऊ आणि जेनिफर जॉर्ज यांना दिसलं की नोकरी सोडणं परवडत नाही असे असमाधानी लोक नव्या कल्पना जास्त मांडतात. अट एवढीच, की सहकाऱ्यांचा आधार आणि उपयोगी अभिप्राय मिळायला हवा, किंवा सुचवलेलं ऐकून घेणारी संस्था हवी. ते नसेल तर तोच माणूस गप्प बसतो.

१७. मी स्वतः असमाधानी आहे. नोकरी बदलली तर काम सुधारेल का?

समाधान वाढेल, निदान सुरुवातीला. वरिष्ठ अधिकाऱ्यांवरच्या २००५ च्या अभ्यासात ठरलेला आकार दिसला. सोडण्याआधी समाधान तळाला, नव्या नोकरीत उंच उडी, मग वर्षभरात उतार. म्हणून नवीन जागेतल्या पहिल्या सहा महिन्यांच्या आनंदावर घराचं कर्ज वगैरे ठरवू नका.

बदलण्याआधी दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज काय करताना वेळ कसा गेला कळलं नाही, आणि काय करताना वैताग आला. वैतागाच्या ओळींत साहेब, प्रवास, पाळी, पगार हेच पुन्हा पुन्हा आलं, तर जागा बदलून फरक पडेल. प्रत्यक्ष कामच पुन्हा पुन्हा आलं, तर पुढच्या कंपनीतही टेबलावर तेच काम येणार आहे. अशा वेळी आधी आतल्या आत विभाग बदलून मागा. त्यासाठी राजीनामा लिहावा लागत नाही आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षंही तुटत नाहीत.